मष्णू हवालदाराचा विडा

त्या साली लोहार गल्लीत माझ्याकडं दूध न्यायला येणारी माणसं दूध घेऊन घरी जायची नाहीत. तांब्या भरला तरी कट्ट्याला टेकायची आणि बोटं मोजत बसायची. टपाल वाटणारा, शाळेचा मास्तर, हजामत करणारा, कोर्टातला शिपाई, सगळे एका ओळीत. घरात बायका चुलीवर चहाचं आधण ठेवून वाट बघायच्या, आणि ही इथं शहापूरकर कुणाकडनं हरतील याच्यावर घसा कोरडा करायची.

झालं होतं असं. आमच्या गल्लीचा फुटबॉलचा संघ आदल्या साली पहिल्या डिव्हिजनात चढला होता. त्या डिव्हिजनात आठ संघ. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं. जिंकलं तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक, आणि शेवटी सगळ्यांच्या तळाला जो राहील त्यानं पुढच्या साली सेकंड डिव्हिजनात जायचं. आमचे पाच सामने झाले होते. एक जिंकलो, चार हरलो. शहापूरकरांची एक जीत, एक बरोबरी, बाकीच्या हारी. इतर सगळे वर, हाताला न लागणारे. म्हणजे बुडणार तर आम्ही, नाहीतर शहापूरकर.

मास्तर पाटीवर आकडे मांडायचा, पुसायचा, पुन्हा मांडायचा. मी शाळेत दुसरीच्या पुढं गेले नाही, पण पन्नास घरांचं दूध डोक्यात ठेवते. मी त्याला सांगितलं, मास्तर, जिंकलं तर शेर, बरोबरी झाली तर अच्छेर. आपल्या भांड्यात आज एक शेर आहे, शहापूरच्या भांड्यात दीड. आता दोघांचे दोन-दोन सामने राहिलेत, तेवढं बघा आणि पाटी ठेवून द्या. मग सगळ्यांना कळलं. तरी कुणी उठलं नाही.

सेकंडात जाणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पहिल्या डिव्हिजनाचे सामने कॅम्पातल्या मोठ्या मैदानावर व्हायचे. सपाट जमीन, हिरवं गवत, साहेब लोक खुर्च्या टाकून बसलेले, कधी पलटणीचा बँड. सेकंडाचे सामने तळ्याच्या अंगाला, जिथं आमच्या म्हशी बसायच्या. आधी म्हशी उठवायच्या, मग गोलाचे खांब रोवायचे. चार वर्षं आमच्या पोरांनी तिथंच पाय फोडून घेतले होते.

हरण्याची कारणं प्रत्येकाजवळ होती. कुणी म्हणायचं, बॉल आणि बूट देवीच्या देवळाच्या पडवीत ठेवतात, चामडं देवीला चालत नाही. कुणी म्हणायचं, डाव्या बॅकचं चैत्रात लग्न झालं तेव्हापासून त्याचा पाय उचलत नाही. त्याच्या बायकोला मी ओळखत होते. पहाटे उठून ती जात्यावर बसते, ती त्याचे पाय कशाला धरून ठेवील. आणि तिसरं एक कारण होतं, ते मी आत वळले की हळू आवाजात निघायचं. म्यानेजर.

म्यानेजर म्हणजे माझा धाकटा दीर, मष्णू.

मी या घरात आले तेव्हा नऊ वर्षांची होते आणि मष्णू दोन वर्षांचा. सासू अंथरुणाला खिळलेली. त्याला कडेवर घेऊन मी पाणी भरलं, त्याला पाठीला बांधून शेण काढलं. मला मूल व्हायच्या आधी मला मष्णू झाला. पुढं तो पलटणीत गेला, बसऱ्याची लढाई बघून आला, हवालदार होऊन पेन्शनीत निघाला. त्याची बायको यशोदा गुंजीची. चार वर्षांत गेली, मूलबाळ नाही. गुंजीला तिचं एक कौलारू घर तेवढं मागं राहिलं. मष्णू आमच्या माडीवर राहायचा आणि दिवसाला दहा शब्द बोलायचा. त्या आधी दोन साल, गल्लीतल्या पोरांचा बॉल त्याच्या अंगावर आला, त्यानं तो परत लाथाडला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळी पोरं रांगेत उभी. पळवायचा, कवायत घ्यायचा, नखं तपासायचा. त्यानंच ती म्हशींतनं उठवून कॅम्पात नेली. त्या दिवशी गल्लीनं त्याला खांद्यावर घेतला होता.

आमच्या गल्लीत कुणावर एखादं काम सोपवायचं असलं, तालमीचं असो, पालखीचं असो, तर देवीसमोर त्याला विडा देतात. विडा सवाष्णीच्या हातचा. पान तो तिथंच खातो, सुपारी घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवतो. सुपारी देव्हाऱ्यात आहे तोवर काम त्याचं. काम काढून घ्यायचं झालं तर जिनं विडा दिला तिनंच हात पसरायचा, दुसऱ्या कुणी मागायची नाही. जुन्या माणसांनी हे ठरवलं, कारण पूर्वी वस्ताद बदलायचा म्हटलं की गल्लीत डोकी फुटायची. मष्णूला विडा द्यायला पंचांनी आमच्यातल्याच परशरामाच्या बायकोला बोलावलं होतं. मला ते खपलं नाही. माझ्या दिराला दुसरीच्या हातचा विडा कशाला, म्हणून मीच ताट उचललं. सगळ्यांसमोर मिरवले. ते मिरवणं मला भोवलं.

पहिल्या डिव्हिजनात आल्यावर मष्णूनं बूट आणले. गोऱ्या पलटणीची पोरं बूट घालून खेळतात आणि आपल्या अनवाणी पोरांची बोटं मोडतात, हे त्याला बघवत नव्हतं. कॅम्पातल्या मोच्याकडनं अकरा जोड शिवून घेतले. आणि हार सुरू झाली.

पाचवा सामना हरल्यावर दुसऱ्या दिवशी परशराम आला. हा आमच्या मालकांचा चुलतभाऊ, गल्लीचा मोठा पंच. बरोबर शरद, मॅट्रिक झालेला, कोर्टात कारकून, टोपी एका भुवईवर. त्याला म्यानेजर व्हायचं होतं हे गल्लीतल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं. परशराम आधी पावसाबद्दल बोलला, मग म्हशीबद्दल. शरदला तेवढा धीर नव्हता. त्यानं सांगितलं की शहापूरकरांनी एका सीझनमध्ये दोन म्यानेजर बदलले, रेल्वेवाल्यांनी एक बदलला, आणि म्यानेजर बदलला की पोरं निदान चार दिवस जोरात खेळतात, हे त्यानं पेपरात वाचलंय. विलायतेत तर सरसकट काढतात. मी विचारलं, विलायतेत काढलेल्या म्यानेजरला जेवायला कोण वाढतं ते पेपरात होतं का.

परशराम म्हणाला, "वैनी, आमचं कोण ऐकणार. विडा तुमच्या हातचा हाय. तुम्ही हात पसरला की झालं."

आमचे मालक तिथंच कट्ट्यावर तंबाखू चोळत होते. ते उठून कट्ट्याच्या पलीकडल्या टोकाला जाऊन बसले. संसारात जिथं जिथं त्यांचं मत लागलं तिथं तिथं ते असेच पलीकडं जाऊन बसलेत.

"विडा मी दिला," मी म्हटलं. "मागायचा का न्हाय ते मी ठरवीन. दूध घेतलंसा न्हवं, आता जावा."

ते गेले, पण मला मष्णूची काळजी लावून गेले. कारण त्याच आठवड्यात मष्णू जेवताना ताटातनं मान न काढता मला म्हणाला होता, गल्लीनं काढलं तर गुंजीला जाईन, आणि मग परत यायचा नाही. त्याला धमकी द्यायची सवय नाही. या घराचं रक्तच तसं. माझे सासरे भावाशी भांडून कडोलीला गेले होते, ते भावाच्या मयतालाही आले नाहीत. मष्णू गेला तर गेलाच. आणि त्याला घालवायचा हात माझा.

सहावा सामना रेल्वेवाल्यांशी होता. मी ठरवलं, आपल्या डोळ्यांनी बघायचं. कॅम्पात दूध पोचवायला आमची बैलगाडी जायची, भरमू हाकायचा. परत येताना मैदानाच्या कडेला मी त्याला गाडी थांबवायला लावली. तो म्हणाला, आक्का, हितं बायका येत न्हाईत. मी म्हटलं, बैल दमलेत.

पाऊस थांबला होता, मैदानात चिखल. माणसं आमच्या पोरांच्या पायांकडं बघून शिव्या देत होती, बूट काढा म्हणत होती. मी चाळीस वर्षं खूर बघत आले. कुठलं जनावर घसरतंय आणि कुठलं नुसतंच बिचकतंय, ते मला लांबनं कळतं. आमची पोरं घसरत नव्हती. रेल्वेवाली जेवढी पडली तेवढीच ही पडली. होत होतं ते वेगळंच. बॉल आमच्या पोराच्या पायात आला की त्याची मान वळायची. रेषेकडं. तिथं मष्णू उभा, ताठ, काखेत छडी, घशाच्या शिरा फुगलेल्या. डावीकडं दे, थांब, मार, मागं ये. पोरानं त्याच्याकडं बघून, ऐकून, परत खाली बघेपर्यंत बॉल गेलेला असायचा. एक पोर नाही, सगळी अकराच्या अकरा. तीन गोल झाले आणि तिन्ही वेळा ज्याच्याकडनं बॉल गेला तो मष्णूकडं बघत होता.

सामना संपल्यावर मष्णूनं त्यांना रांगेत उभं केलं आणि कोण कुठं चुकला ते एकेकाला सांगितलं. कुणावर डाफरला नाही. अंगातनं वाफ निघत होती त्याच्या. पोरांपेक्षा जास्त दमला होता तो.

येताना मी भरमूला विचारलं, काय बघितलंस. तो म्हणाला, "बूट, आक्का." सगळे बूट बघायला आले होते, त्यांनी बूट बघितले.

शहापूरकरही त्या आठवड्यात हरले. आता दोघांचा एकेक सामना उरला. आमचा शुक्रवारी पोलिसांशी, त्यांचा शनिवारी गोऱ्या पलटणीशी. थेट वाचायचं तर आम्हाला जिंकायलाच पाहिजे होतं, आणि जिंकूनही वर शहापूरकर हरायला पाहिजे होते. त्यांनी बरोबरी केली तर दोघांत पुन्हा एक सामना, आणि ते जिंकले तर आम्ही सेकंडात. कट्ट्यावरची माणसं आता दुपारीही घरी जाईनात.

माझे चार दिवस कसे गेले ते म्हशींना विचारा. माझं ध्यान नव्हतं म्हणून सगळ्यांत गरीब म्हशीनं मला लाथ मारली. भाकरी तव्यावर जळाली. आपलं माणूस म्हणून मी हात पसरला नाही तर पोरं अशीच माना वळवत हरतील, आणि मग तीच पोरं मष्णूच्या तोंडावर बोलतील. तो तसाही जाईल, आणि मान खाली घालून जाईल. हात पसरला तर मान वर ठेवून जाईल, पण मी घालवलेला असेल. पाणी आणायला जाताना एक ठरवायचे आणि घागर घेऊन येताना दुसरं.

गुरुवारी दुपारी तो गोठ्यात आला. दावणीजवळच्या दगडावर बसून बुटांचा चिखल काठीनं काढायला लागला. मी धार काढायची चरवी बाजूला ठेवली.

"मष्णू, उद्या तू मैदानावर जाऊ नको."

"का?"

"पोरं तुझ्याकडं बघत्यात. बॉलकडं बघत न्हाईत."

तो चिखल काढत राहिला. "बूट वाईट म्हणत्यात व्हय सगळी?"

"बूट चांगले हाईत. बुटाचं काय न्हाय. तुझं हाय."

तेव्हा त्याची काठी थांबली. "तुम्ही आलतासा?"

"आलते. गाडीतनं बघितलं. तू बोलतोस ते खरं असतंय, पण पोरास्नी त्याच्याबिगर पाय हलवायचं ठाऊक न्हाय. एक दिवस घरात बस. एवढंच मागते. सुपारी राहू दे देव्हाऱ्यात."

एक म्हैस शेपटी मारत होती, तिचा आवाज तेवढा येत होता. मग तो म्हणाला, "अर्धं काढू नका, वैनी. पलटणीत असं नसतंय. काढायचं तर सगळं काढा."

मी म्हटलं, मी काढत नाही, नुसतं घरात बस म्हणते. तो म्हणाला, तेच ते. आणि उठून उभा राहिला, माझ्या हाताची वाट बघत. मी त्याला ओळखते. मी हात पुढं केला नसता तर तो संध्याकाळपर्यंत तसाच उभा राहिला असता. मी हात पसरला. तो आत गेला, देव्हाऱ्यातनं सुपारी आणली, माझ्या तळहातावर ठेवली, वाकून पाया पडला. शुक्रवारी सकाळच्या आगगाडीनं गुंजीला गेला. जाताना सगळ्या बुटांत गवत भरून, त्यांचा आकार जाऊ नये म्हणून, पडवीत ओळीनं लावून गेला.

सुपारी परत घेतली, असा मी परशरामाला निरोप दिला. दुपारी देवळाकडनं आरडाओरडा ऐकू आला म्हणून गेले, तर शरद पोरांना बूट काढायला लावत होता. मी म्हटलं, बूट घाला. शरद म्हणाला, आक्का, तुमास्नी खेळातलं काय कळतंय. मी त्याला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की सुपारी अजून माझ्या पदराच्या गाठीला आहे, तुला अजून कुणी विडा दिलेला नाही. रेषेवर उभं राहायचं असलं तर राहा, पण तोंड उघडायचं नाही. एक शब्द काढलास तर उद्यापासून तुझ्या घरचं दूध बंद. परशराम खाली बघून हसला. पोरांनी बूट घातले. डाव्या बॅकनं विचारलं, मग आमास्नी सांगणार कोण? मी म्हटलं, कुणी न्हाय.

मी मैदानावर गेले नाही. गेले असते तर त्यांनी माझ्याकडं बघितलं असतं.

पोरं यायच्या आधी कॅम्पाच्या बाजूनं त्यांचा आवाज आला. एक शून्य. जिंकलो. भरमूनं सांगितलं, पहिला अर्धा तास पोरं अंधारात चाचपडल्यागत खेळत होती, मग एकमेकांना हाका मारायला लागली. शरदनं सामनाभर हातरुमाल दातांत धरला होता. आणि गल्लीत आले तेव्हा त्याच शरदला खांद्यावर घेतलेलं. कट्ट्यावर सगळे एकच बोलत होते, हवालदाराला आधीच नारळ द्यायला पाहिजे होता. परशराम साखर घेऊन आला. मी हात पुढं केला नाही, म्हटलं ठेवा तिथं.

शनिवारी मी गुंजीची गाडी धरली. वीस वर्षांत एक रात्र घराबाहेर राहिले नव्हते. मालकांनी विचारलं, धारा कोण काढणार. मी म्हटलं, तुमास्नी दोन हात हाईत.

मष्णू ओसरीवर बांबू चिरत बसला होता. मला बघून म्हणाला, आलासा. पाण्याचा तांब्या आणून दिला. सामन्याचं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. विचारल्याशिवाय का सांगावं. दुपार झाली, तो विचारीना. मी झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. तो भरलेली घागर ओतून विहिरीवर गेला, परत आला, पुन्हा गेला. चारच्या सुमाराला, म्हणजे तिकडं शहापूरकरांचा सामना सुरू झाला असेल तेव्हा, आम्ही दोघंही अंगणात उभे होतो आणि दोघंही सूर्याकडं बघत होतो, आणि एकमेकांना सांगत होतो की यंदा भात बरं आलंय.

जेवायला बसल्यावर पहिला घास घेऊन तो म्हणाला, "पोलिसांचा गोलकीपर तोच हाय व्हय अजून?"

"मला काय ठाऊक."

आणखी दोन घास गेले. "किती?"

"एक. शून्य."

"एक कुणाचा?"

"आपला."

त्याचा हात भातातच राहिला. तसाच म्हणाला, "बूट?"

"सगळ्यांच्या पायात होते. शरद काढायला लावत होता, मी काढू दिले न्हाय. रेषेवरबी त्याला गप्पच उभा केला."

तो उठला, हात धुतला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. ताट तसंच.

मी आडवी झाले, पण डोळा लागेना. शहापूरकर जिंकले असतील तर आम्ही सेकंडात. मग हीच गल्ली म्हणेल हवालदाराला काढलं ते चुकलं, परशराम गुंजीला येऊन हात जोडेल, आणि मष्णू मान वर करून घरी येईल. शहापूरकर हरले असतील तर आम्ही राहिलो, आणि मष्णूला मरेपर्यंत ठाऊक राहील की तो नव्हता म्हणून राहिलो. मग तो गुंजी सोडायचा नाही. देवीला काय मागावं तेच मला सुधरेना. गल्लीला वाचव म्हणावं तर माझं माणूस जातंय, माझं माणूस दे म्हणावं तर पोरांना म्हशींत पाठवतेय. शेवटी मी काहीच मागितलं नाही. तसलं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

सकाळी मष्णू म्हणाला, स्टेशनात काम हाय, एक पार्सल आलंय का बघून येतो. गाडीला अजून तास होता आणि त्यानं नवा फेटा बांधला होता. मी माझं गाठोडं घेतलं आणि मागनं गेले. गुंजीला आमच्या बेळगावहून येणारी आणि लोंढ्याहून बेळगावला जाणारी, दोन्ही गाड्या एकमेकींसाठी थांबतात. बेळगावच्या गाडीचा गार्ड फुटबॉलवेडा होता, तो बातमी आणणार हे मष्णूला माहीत होतं. मष्णू फलाटाच्या या पाटीपासून त्या पाटीपर्यंत चालायचा, टाच फिरवून वळायचा, परत चालायचा, परेडवर असल्यासारखा. मी बाकावर बसले, उठले, बसले. पार्सलचं त्यानं कुणाला विचारलं नाही.

गाडी आली. ती थांबायच्या आधीच मष्णू गार्डाच्या डब्याबरोबर पळायला लागला होता, पंचेचाळीस वर्षांचा माणूस. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येईना. गार्डानं चार बोटं वर केलेली दिसली, मग मूठ मिटलेली. चार कुणाचे, ते मला कळेना. मष्णू वळला. त्याचं तोंड उघडं होतं आणि तो हसत होता, दोन्ही हात वर, लहानपणी उसाचं कांडं मिळाल्यावर करायचा तसे.

"राहिलो, वैनी," तो लांबनंच ओरडला. "राहिलो आपण."

मग तो तिथंच उभा राहिला आणि त्याचे हात हळूहळू खाली आले. मी बघत होते. येऊन माझ्या शेजारी बाकावर बसला.

"म्हणजे मी न्हवतो म्हणून पोरं राहिली," तो म्हणाला.

मला खोटं बोलता आलं असतं. शहापूरकर हरले म्हणून राहिलो, असं म्हणता आलं असतं, आणि तेही खरंच होतं. "व्हय," मी म्हटलं. "शेवटच्या सामन्याला तू न्हवतास म्हणून राहिली. पहिल्या डिव्हिजनात आली ते तू होतास म्हणून. दोन्ही खरं हाय. त्यातलं एकच धरून बसायचं असलं तर बस हितं."

पलीकडं लोंढ्याची गाडी आली. मी गाठोडं उचललं. मी त्याला चल म्हणणार नव्हते. म्हटलं असतं तर तो आला नसता.

"डावा बॅक," तो खाली बघत म्हणाला. "पोलिसांच्या त्या उंच पोराला सोडत होता का धरून होता?"

"मी बघितलं न्हाय. मी गेले न्हाय."

त्यानं मान वर केली. "गेला न्हाईसा? घरात बसलासा?"

"बसले कुठं. सतरा वेळा दारात गेले, सतरा वेळा आत आले. तू अर्धं नको म्हणालास, सगळं काढ म्हणालास. घरात बसायचं तुला जमलं न्हाय, म्हणून तू गुंजी गाठलीस. मला तिथंच राहून जमवावं लागलं."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं माझ्या हातातनं गाठोडं घेतलं आणि माझ्या पुढं होऊन रूळ ओलांडले. मला डब्यात चढवलं, गाठोडं फळीवर ठेवलं आणि खाली उतरला. मी खिडकीशी बसले. माझ्याच्यानं त्याच्याकडं बघवेना, म्हणून मी समोरच्या बाईच्या टोपलीतल्या काकड्या बघत होते.

"दसऱ्याला येतो," तो खिडकीखालून म्हणाला. "घरी. मैदानाचं काम न्हाय."

"न्हायच. सुपारी शरदला द्यायला लागंल आता."

"द्या. त्याला सांगा, गप्प राहायचं एवढं त्याला येतंय, ते सोडू नको." गाडीनं शिट्टी दिली. तो खिडकीबरोबर चालायला लागला. "पुढच्या साली एखादा सामना बघायला येईन म्हणतो. सगळ्यांच्या मागं उभा राहीन. पोरास्नी दिसायचो न्हाय."

"एवढा उंच गडी, फेटा बांधून. दिसायचा न्हायस तर काय."

"बसून बघीन की."

"तू? बसून?"

"व्हय," तो म्हणाला, आता जवळजवळ पळत होता. "बसून. आणि गप्प."

मला ते खरं वाटलं नाही. फलाट संपला तरी तो तिथं उभा होता आणि हातानं मला काहीतरी दाखवत होता, डावीकडं, मग मागं, मग पुन्हा डावीकडं. बहुतेक डाव्या बॅकचंच असावं. मी खिडकीतनं मान हलवली, कळलं म्हणून.